विकास, सराव संघ आणि केळझरचे रोडगे

अमेरिकन फुटबॉल या खेळात चेंडूला लाथ फारशी मारत नाहीत, हे मला माझा संघ निवडून झाल्यावर कळलं.

तोपर्यंत मी लाथ मारणारे तीन गडी घेऊन बसलो होतो. फुटबॉल म्हटल्यावर माणूस दुसरं काय बघणार? (संघात असा एकच लागतो, आणि तोही बहुतेक वेळ अंगावर टॉवेल घेऊन बाकावर बसलेला असतो.) एकाने चेंडू छातीशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं, असा तो एकंदर प्रकार आहे. हे बघायला खरं तर अमेरिकेत जायची गरज नाही. लग्नसराईत माझ्या दुकानात सेल लावला की बायका हेच करतात, फक्त चेंडूऐवजी साडी असते.

आमचं कापडाचं दुकान वर्ध्याच्या बाजारात आणि घर नालवाडीला. घरात मी, माझी आई आणि बायको मंदा. मंदा शाळेत गणित शिकवते आणि शाळा सुटल्यावर घरी मला शिकवते. आमची एकुलती एक मुलगी स्नेहा लग्न करून अमेरिकेत गेली. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल व्हायचे. मग हळूहळू त्यांची गत अशी झाली, की जेवण झालं का, झालं, तुमचं झालं का, झालं, थंडी आहे का, आहे, आणि मग दोन्हीकडचे लोक आपापल्या भिंतीकडे बघत बसायचे. घरात बोलायला विषयच उरला नाही, असं स्नेहाला वाटलं आणि तिने हा विषय शोधून काढला.

खेळ असा. खरे खेळाडू तिकडे अमेरिकेत मैदानावर खेळणार. आपण इकडे घरबसल्या मोबाईलवर त्यांच्यातले काही निवडून आपला कागदी संघ करायचा. आपला खेळाडू तिकडे चांगला पळाला, की इकडे आपल्याला गुण. एकूण संघ सहा: मी, मंदा, आई, स्नेहा, आमचे जावई तेजसराव, आणि मंदाचा धाकटा भाऊ बंडू, ज्याची तळेगावला संत्र्याची बाग आहे. स्नेहा लीगची प्रमुख. नियमाचा वाद झाला तर तिचा शब्द शेवटचा.

संघांची निवड आम्ही तान्ह्या पोळ्याच्या दिवशी केली. बाहेर गल्लीतली लेकरं चाकांचे लाकडी बैल ओढत बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागायला येत होती आणि आत आम्ही अमेरिकेतले बैल निवडत होतो. आईची पद्धत सोपी होती. फोटो बघायचा आणि पोरगा चांगल्या घरचा दिसला की घ्यायचा. मंदाने आकडेवारी वाचली. बंडूने जावयाला विचारलं. मी अनुभवावर भरवसा ठेवला (म्हणजे ते तीन लाथ मारणारे).

निवड संपत आली तेव्हा मंदाने चष्मा काढला. ती चष्मा काढून बोलते तेव्हा वर्गातली पोरं बाकाखाली लपतात, असं मी ऐकून आहे.

"जो शेवटचा येईन, तो केळझरले रोडगे करन," ती म्हणाली. "सगळे. एकट्यानं."

दर जानेवारीत आमचा सगळा गोतावळा केळझरला जातो. गणपतीचं दर्शन घ्यायचं, मग झाडाखाली सतरंज्या टाकायच्या आणि रोडग्यांचा बेत. जाडसर कणकेचा घट्ट गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची, फोडायचा, वर तूप ओतायचं, आणि वरण नि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. गरम असला तर माणूस घरदार विसरतो. गार झाला तर आधी तो मोडेल की दात, हे सांगता येत नाही. आमचं लग्न झाल्यापासून त्या निखाऱ्यापुढे मंदा बसते. सगळ्या पंगती उठल्या की उरलेला गार रोडगा उभ्याने खाते आणि भांडी आवरायला घेते.

"मले एक वर्ष सतरंजीवर बसून, पहिल्या पंगतीत, गरम रोडगा खायचा आहे," मंदा म्हणाली. "बाकी मले काही नको."

नाही म्हणायला कुणाचं तोंड होतं? पैज मंजूर झाली. मीही मोठ्या मनाने हो म्हटलं, कारण मंदाच शेवटची येणार याची मला खात्री होती.

पण मंजूर झाल्यावर तिचे बारकावे निघाले. जावई शेवटचे आले तर? जावयाला चुलीपुढे बसवणं आपल्यात बसत नाही, म्हणून त्यांच्या वतीने सासरा, म्हणजे मी. स्नेहा शेवटची आली तर? लेक चार दिवस माहेरी येणार, तिला कामाला लावायचं का? तिच्या वतीने बाप. आई शेवटची आली तर? या वयात ती धुरापुढे बसणार का? तिच्या वतीने मुलगा. अशा रीतीने सहापैकी चार संघ हरले तर रोडगे मीच भाजणार, असं सर्वानुमते ठरलं. माझी सुटका फक्त दोनच परिस्थितींत होती, एक तर बंडू शेवटचा यायला हवा, नाहीतर मंदा. मी गणितात कच्चा आहे, पण इतकाही नाही.

मग स्नेहाने सराव संघाचा नियम सांगितला. प्रत्येकाने मुख्य संघाखेरीज एक नवखा पोरगा सराव संघात ठेवायचा. तो आपलाच, पण त्याचे गुण मोजायचे नाहीत. आम्हाला काही केल्या कळेना, की गुणच मिळणार नाहीत तर पोसायचा कशाला. ते पहिल्यांदा कळलं आईला.

"म्हंजे तान्हा पोळा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मोठे बैल काल झाले. हे आजचे. सजवाचे, मिरवाचे, पण औताले जुंपाचे नाई."

स्नेहा म्हणाली, अगदी बरोबर, पण यात एक मेख आहे. सराव संघातला पोरगा दुसरा कुणीही मागू शकतो. त्याने मागितला, की मूळ मालकाला एक दिवस मिळतो. त्या दिवसात पोरगा मुख्य संघात घ्यायचा, आणि त्याच्या जागेसाठी मुख्य संघातला कुणीतरी एक कमी करायचा. नाहीतर पोरगा सोडून द्यायचा. मुख्य संघात गेलेल्याला मात्र कुणी हात लावू शकत नाही.

मी सराव संघात डेशॉन विकरबी नावाचा पोरगा ठेवला. त्याच्या माहितीत वडिलांचं कपड्यांचं दुकान आहे असं लिहिलं होतं, एवढंच माझं कारण. दुकानदाराच्या पोराला उभं राहायची सवय असते. आईने सोयीसाठी त्याचं नाव विकास ठेवलं आणि आठवड्याभरात आम्ही सगळेच त्याला विकास म्हणू लागलो.

हंगाम सुरू झाला. आई पहिल्याच आठवड्यात पहिल्या नंबरवर गेली आणि तिथेच मुक्काम ठोकून बसली. देवपूजा झाली की ती आपल्या पोरांचे फोटो एकेक करून बघायची आणि "हा आज वाळला दिसते" असं म्हणत त्याला विश्रांती द्यायची. तो नेमका त्याच आठवड्यात पडायचा. जावयांकडे तीन-तीन ॲप होती, तज्ज्ञांची भाषणं ते ऐकायचे, तरी ते आईच्या मागेच होते. तळाला आम्ही नवरा-बायको. माझे तीन लाथ मारणारे आळीपाळीने बाकावर बसत. मंदाकडे माणसं चांगली होती, पण ती पडली मास्तरीण. सगळ्यांना समान संधी मिळाली पाहिजे, म्हणून ती दर आठवड्याला हजेरीच्या क्रमाने पोरं खेळवायची. जो मागच्या आठवड्यात उत्तम खेळला, तो या आठवड्यात बाहेर. मी तिच्या या न्यायबुद्धीचं वेळोवेळी तोंडभरून कौतुक केलं.

आणि तेवढ्यात तिकडे अमेरिकेत एका मोठ्या खेळाडूचा घोटा मुरगळला. त्याच्या जागी पुढच्या आठवड्यापासून खेळणार होता आमचा विकास!

ही बातमी मला कळली तेव्हा मी गिऱ्हाइकाला ब्लाउजपीस फाडून देत होतो. आनंदात दोन मीटर जास्त फाडलं. संध्याकाळी घरी जाऊन विकासला मुख्य संघात घ्यायचं, एका लाथ मारणाऱ्याला नारळ द्यायचा, असा बेत मी पक्का केला. पण बंडू तिकडे तळेगावला दुपारी चार वाजताच जागा झाला होता. त्याने विकासला मागितलं, आणि मागून वर सभ्यपणे कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, की भाऊजी, तुमचा विकास लय गुणाचा पोरगा आहे, म्या त्याले मागतलं, राग मानू नका.

आता इथे मी काय केलं, ते समजायला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. आपल्या वस्तूला कुणी चांगलं म्हटलं, की आपण म्हणतो, घेऊन जा ना, तुमचीच आहे. त्यावर समोरचा म्हणतो, नाही नाही, राहू द्या. इथे व्यवहार संपतो आणि दोन्ही घरांची मानमर्यादा शाबूत राहते. माझ्या स्कूटरचं आजवर निदान शंभर लोकांनी कौतुक केलं असेल आणि मी शंभर वेळा चावी पुढे केली आहे. स्कूटर अजून माझ्याकडेच आहे. त्यातून बंडू बायकोचा भाऊ. त्याने आपलं काही वाखाणलं आणि आपण गप्प बसलो, तर रात्री जेवणात काय मिळेल?

तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं, "अरे घेऊन जा ना. तुझाच आहे." आणि बंडूच्या 'राहू द्या'ची वाट बघत पुढचं ब्लाउजपीस फाडायला घेतलं.

उत्तर बंडूचं आलं नाही. आलं ते लीगप्रमुखांचं. बाबांनी लेखी परवानगी दिल्यामुळे एक दिवस थांबायची गरज उरलेली नाही, विकास मामाच्या संघात गेला आहे, दोघांचं अभिनंदन.

मी दुकानाच्या पायरीवर येऊन बंडूला फोन लावला.

"अरे, ते असं म्हणायचं असते," मी म्हणालो.

"काय म्हणायचं असते?"

"घेऊन जा म्हणायचं असते. मग तू राहू द्या म्हणायचं असते."

"काऊन म्हणू?" बंडूला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "मले पायजे होता नं तो. तुमी म्हटलं घेऊन जा, म्या नेला."

मी स्नेहाकडे दाद मागितली. आपली रीत तुला ठाऊक आहे, आपण कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही, असं बरंच काही सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं (ती मंदावर गेली आहे) आणि दुसऱ्या दिवशी नवा नियम जाहीर केला, की या लीगमध्ये 'घेऊन जा' याचा अर्थ घेऊन जा असाच धरला जाईल. या नियमाचा आमच्या घरावर फार परिणाम झाला. आईने तर धसकाच घेतला. शेजारच्या वहिनींनी तिच्या मोगऱ्याचं कौतुक केलं, तेव्हा आईने ताबडतोब कुंडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जागेवर बरा आहे."

इकडे विकास बंडूकडे जाऊन असा पळत सुटला, की बघणाऱ्याने बघत राहावं. बंडू वर चढला. त्याची शेवटचं येण्याची शक्यता मावळली. माझ्या सुटकेची दोनपैकी एक वाट मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून, हसरा चेहरा टाकून बंद केली होती. आता उरली फक्त मंदा.

अशात दिवाळी आली. भाऊबीजेला बंडू दरवर्षी मंदाला साडी घालतो. ती साडी तो माझ्याच दुकानातून नेतो, त्यामुळे त्या बाबतीत माझं मत राखून ठेवतो. यंदा तो पाटावर बसला, मंदाने ओवाळलं, आणि त्याने साडीऐवजी खिशातून मोबाईल काढून ताटात ठेवला. मी म्हटलं, मोबाईल देतोय की काय! तसं नव्हतं. बागेत संत्र्याची तोडणी सुरू झालेली, त्याला आता पहाटेपासून सवड नव्हती, आणि तसाही तो वरच्या नंबरावर सुरक्षित होता. त्याने बहिणीला ओवाळणीत विकास घातला.

मी जागच्या जागी उठून हरकत घेतली. असा खेळाडू देता येतो का? बदल्यात काही घ्यायला नको का? नियम काय म्हणतो? स्नेहाला तिथल्या तिथे फोन लागला. तिने सांगितलं, की भाऊबीजेला बंदी करणारा कोणताही नियम लीगमध्ये नाही. मंदाने विकासला औक्षण केलं. म्हणजे मोबाईलला केलं, पण भावना तीच.

अशा रीतीने जो पोरगा मी तान्ह्या पोळ्याला माझ्या हाताने निवडला, तो तळेगावला फिरून परत माझ्याच घरात आला आणि माझ्याच विरुद्ध उभा राहिला. मला झोप लागेना. मग माझ्या लक्षात आलं, की मंदाकडे हजेरीचा क्रम आहे! विकास सगळ्यात नवा, म्हणून सगळ्यात शेवटी. दर आठवड्याला तो तिकडे मैदानात पळायचा आणि इकडे मंदाच्या बाकावर बसायचा. त्याचे ते फुकट जाणारे गुण बघून मला रडू यायचं आणि त्याच वेळी गुदगुल्याही व्हायच्या. घरात इतकं परस्परविरोधी वाटून घेणारा मी एकटाच होतो.

हंगामाचा शेवटचा आठवडा आला. खाली मी आणि मंदा जवळजवळ बरोबरीत. आणि हजेरीत नंबर लागला विकासचा.

मी शेवटचा उपाय करून पाहिला. सकाळी चहा पिताना अगदी सहज म्हणालो, "तुझा विकास लयच चांगला खेळून राह्यला बुवा." आणि बशीतल्या चहाकडे बघत थांबलो. तिच्या तोंडून फक्त एकदा 'घेऊन जा' निघालं, की नव्या नियमाने पोरगा माझा होता.

मंदाने माझ्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "चांगलाच आहे तो."

तिकडचा शेवटचा सामना आमच्याकडे मंगळवारी सकाळी आला. तोवर माझ्या सगळ्या गड्यांचं खेळून झालं होतं आणि मी मंदाच्या किंचित पुढे होतो. विकासने आज काही केलं नाही, की मी सुटलो. आईने मोबाईल देवघरासमोर तांब्याला टेकवून ठेवला होता. मंदा शाळेला निघालेली, खांद्याला पर्स, हातात डबा, बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, आणि तिचे पाय काही उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. मी मांडी घालून मनातल्या मनात विकासच्या पायात पाय अडकावेत अशी प्रार्थना करत होतो. (देवघरासमोर बसून अशी प्रार्थना करू नये. देव आईचं ऐकतो.)

विकासने चेंडू झेलला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. तिसऱ्याने त्याचा सदरा धरला, तो तसाच सदऱ्यासकट, त्या माणसासकट पुढे निघाला.

"पय रे माह्या राजा, पय," आई म्हणाली. ती कुणाच्या बाजूने आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तो रेषेपलीकडे जाऊन पडला आणि आमच्या घरात आकडे बदलले. मंदा मटकन उंबऱ्यावर बसली आणि तिने पदराने तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर हसत होती. पदर बाजूला केला तर रडतही होती. खरं सांगतो, तिला तसं बघून मला फार आनंद झाला. लग्नात मिळाला नसेल इतका आनंद त्या एका धावेने तिला मिळाला होता. माझा आनंद दोनेक मिनिटं टिकला. मग गोवऱ्या आठवल्या.

केळझरला अजून अवकाश होता, म्हणून मी गच्चीवर तालीम सुरू केली. पहिल्या दिवशी कणीक सैल झाली आणि रोडगे निखाऱ्यावर पोळीसारखे पसरले. दुसऱ्या दिवशी कणीक इतकी घट्ट झाली, की एक रोडगा हातातून सुटून जिन्यावरून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर वाजत गेला आणि तळाशी पोचल्यावरही अखंड होता. आई खालून ओरडून सूचना द्यायची. मंदा खिडकीत पेपर तपासत बसायची आणि धूर कोणत्या रंगाचा आहे, ते अधूनमधून बघायची. मदत तिने केली नाही. एकट्यानं, असं ठरलं होतं. शेजारचे काका धुराची तक्रार करायला वर आले. मी ओशाळून त्यांच्यापुढे ताट धरलं आणि म्हणालो, घ्या ना एक. त्यांनी रोडग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "नाई नाई, राहू द्या." जे उत्तर मला ऑक्टोबरात बंडूकडून हवं होतं, ते जानेवारीत गच्चीवर मिळालं.

केळझरला सगळे जमले. स्नेहा आणि तेजसरावही सुट्टीवर आले होते. दर्शन झालं आणि मी निखाऱ्यापुढे बसलो. आमच्यातल्या ज्या पुरुषांनी आयुष्यात कधी चहा केला नाही, ते खुर्च्या ओढून माझ्याभोवती बसले आणि मला सल्ले देऊ लागले. तेजसराव बिचारे मदतीला उठले, तर चौघांनी धरून त्यांना परत सतरंजीवर बसवलं. धुराने माझे डोळे पाझरत होते, भुवयांवर राख साचली होती, आणि वांग्याच्या भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नव्हतं, म्हणून मी पुन्हा घातलं.

पहिली पंगत बसली. सगळ्यात आधी, मधोमध, मंदा. नवी साडी (माझ्याच दुकानातली, मला न विचारता आणलेली). मी पहिला रोडगा राखेतून काढला, झटकला आणि तिच्या ताटात ठेवला. तिने तो फोडला. आतून वाफ निघाली. रोडगा भाजला गेला होता! कच्चा नाही, जळका नाही. तिने त्यावर तूप ओतलं, डोळे मिटले आणि पहिला घास खाल्ला. मी हातात चिमटा घेऊन उभा.

"भाजी खारट आहे," मंदा डोळे न उघडता म्हणाली. "रोडगा अजून एक द्या."

ती खात राहिली, सावकाश, मांडी घालून, मधूनच आईशी काही बोलत, हसत. तिच्या मनगटावरून तूप ओघळत होतं. पंगत उठली तरी ती बसूनच होती आणि तिला कुणी उठ म्हणालं नाही. मला तिच्याकडे बघून इतकं बरं वाटत होतं, की हात भाजल्याचंही कळलं नाही.

तेवढ्यात बंडूने हात धुतले, ढेकर दिला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की पुढच्या रविवारी तळेगावला त्याच्या बागेत रोडग्यांचा बेत आहे, पन्नासेक माणसं आहेत, आणि त्यासाठी तो भाऊजींना मागतोय. रीतसर.

सगळे हसले. स्नेहा मात्र हसली नाही. तिने लीगप्रमुखाचा चेहरा केला आणि मंदाकडे वळली.

"आई, स्वयंपाकात बाबा अजून तुझ्या सराव संघात आहेत. मामाने मागितलंय. तुला एक दिवस मिळेल. वर घे, नाहीतर सोड."

मी मंदाकडे पाहिलं. बंडूवर तिचा फार जीव. त्याने काही मागितलं आणि तिने दिलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मी मनातल्या मनात तळेगावची एसटी पकडली होती.

मंदाला एक दिवस लागला नाही. "सोडत नाई," ती म्हणाली. "वर घेते."

मला भरून आलं. एवढ्या लोकांसमोर मंदाने मला आपला म्हटल्याची ही पहिलीच वेळ. डोळ्यांतलं पाणी धुराचं आहे असं दाखवायची सोय होती, म्हणून मी मोकळेपणाने दोन थेंब गाळून घेतले. तेजसरावांनी टाळ्या वाजवल्या.

"मग मुख्य संघातून कमी कुणाला करतेस?" स्नेहाने विचारलं.

"मले," मंदा म्हणाली आणि तिसरा रोडगा फोडला.

तेव्हापासून आमच्या घरी रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. परत सराव संघात जायची काही सोय आहे का, म्हणून मी सगळे नियम वाचून काढले. तशी सोय नाही. बंडूनेही मला पुन्हा कधी मागितलं नाही. मुख्य संघातल्या माणसाला मागता येत नाही, बाबा, असं स्नेहा समजावते. ते खरंच असेल. पण मध्यंतरी एका रविवारी बंडू आमच्याकडे माझी वांग्याची भाजी जेवून गेला होता, हेही तितकंच खरं आहे.